रेंडरच्या आधी रेघ

इंटिरिअर डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींचे पोर्टफोलिओ माझ्यासमोर वरचेवर येतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे पहिले पान एकाच वळणाचे असते: तिन्हीसांजेच्या उजेडातली बैठकीची खोली, चकचकीत फरशी, छताच्या खाचेत लपवलेल्या दिव्यांची पिवळी झाक आणि सोफ्याच्या हातावर मुद्दाम निष्काळजीपणे टाकलेली शाल. चित्र देखणे असते, यात वाद नाही. मात्र ते पाहून विद्यार्थ्याविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. सोफा तयार मॉडेलांच्या संग्रहातून आलेला असतो, फरशीचा पोत कुठून तरी उतरवून घेतलेला असतो आणि उजेडाचे गणित सॉफ्टवेअरने सोडवलेले असते. खोली अशीच का आखली, दार उघडल्यावर माणूस कुठे वळतो, खिडकीखाली बैठक का केली आणि कपाट का नाही, या प्रश्नांची उत्तरे पुढच्या पानांवरही मिळाली नाहीत, तर पोर्टफोलिओ मिटल्यावर त्यातले काहीच लक्षात राहत नाही. म्हणून डिजिटल ड्रॉइंग शिकण्याची सुरुवात रेंडरपासून, म्हणजे संगणकाने बनवलेल्या अशा हुबेहूब चित्रापासून, करू नये, रेघेपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. पोर्टफोलिओचा पायाही त्या रेघेतच घातला जातो.

सॉफ्टवेअर कोणते शिकावे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि माझ्या मते तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. पडद्यावर पेनाने रेघ ओढून संगणकाशी संवाद साधण्याची कल्पना आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीमधल्या आपल्या ‘स्केचपॅड’ या प्रणालीतून प्रत्यक्षात आणली. मोजमापाच्या ड्रॉइंगसाठीचे ऑटोकॅड १९८२ मध्ये आले, त्रिमितीय मॉडेलसाठीचे स्केचअप २००० मध्ये. स्केचअप तर २००६ मध्ये गूगलकडे गेले आणि २०१२ मध्ये ट्रिंबल या कंपनीकडे. मालक बदलले, चेहरामोहरा बदलला, वापरण्याच्या अटीही बदलल्या. प्लॅन (आडवा छेद), सेक्शन (उभा छेद) आणि एलिव्हेशन (भिंतीचे समोरून दिसणारे रूप) मात्र जिथल्या तिथे राहिले. त्यामुळे विद्यार्थ्याने चार प्रकारची कामे ओळखावीत आणि प्रत्येकासाठी हाताशी असलेले एक साधन पक्के करावे: मोजमापाचे द्विमितीय ड्रॉइंग, त्रिमितीय मॉडेल, चित्रावरचे संस्करण आणि पानांची मांडणी. एका सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट (समांतर रेघ काढणे), ट्रिम (जादा रेघ छाटणे), ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायचा आकार) आणि लेयर (रेघांचे वेगवेगळे थर) यांचा अर्थ नीट उमगला की दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त बटणांच्या जागा शोधायच्या उरतात. दहा सॉफ्टवेअरांची चिन्हे आणि त्यांच्यापुढे टक्केवारीच्या पट्ट्या असलेले पान पोर्टफोलिओत घालण्याची जी रीत पडली आहे, ती मला कधीच पटलेली नाही. ‘फोटोशॉप ८५ टक्के’ म्हणजे नेमके काय, हे ते लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आता रेघेकडे येऊ. प्लॅन म्हणजे वरून काढलेला फोटो नव्हे. जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर खोली आडवी कापली, वरचा भाग बाजूला काढला आणि खाली पाहिले, तर जे दिसेल तो प्लॅन. ही व्याख्या मनात पक्की बसली की कोणती रेघ किती जाड हवी, हे पाठ करावे लागत नाही. जे कापले गेले ते सर्वांत जाड, म्हणजे भिंती आणि खांब ०.५० मिमी, जे कापले गेले नाही पण खाली दिसते ते मध्यम, म्हणजे टेबल, पलंग, ओटा ०.२५ मिमी, पृष्ठभागावरची नक्षी किंवा फरशीचे सांधे सर्वांत बारीक, ०.१३ मिमी, आणि कापाच्या वर असलेले माळे, तुळया, वरची कपाटे तुटक रेघेने. ड्रॉइंगसाठी प्रचलित असलेल्या ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५० आणि ०.७० या जाड्यांमध्ये एक गंमत दडलेली आहे. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण १.४ पट आहे, आणि ए-४ कागदाच्या बाजूंपेक्षा ए-३च्या बाजूही तितक्याच पटीने मोठ्या आहेत. त्यामुळे ए-४वरचे ड्रॉइंग मोठे करून ए-३वर छापले, तर ०.२५ची रेघ आपसूक ०.३५ची होते आणि ड्रॉइंगचा तोल ढळत नाही.

पडद्यावर हे सगळे विसरायला होते, कारण पडद्यावर झूम असतो. पुरेसे जवळ गेले की कोणतीही गोष्ट स्पष्ट दिसते आणि विद्यार्थी तिथेच समाधानी होतो. स्वच्छतागृहाच्या भिंतीवरचे २५ मिमीचे मोझेक १:५०च्या, म्हणजे खऱ्या मापाच्या पन्नासाव्या भागाने काढलेल्या, प्लॅनवर अर्ध्या मिलिमीटरचे होते. छापल्यावर तिथे काळा डाग उमटतो. ३०० मिमीची फरशी त्याच प्रमाणात ६ मिमीची होते आणि छान दिसते. ६०० मिमीची तर १:१००वरही चालते. म्हणजे कोणत्या प्रमाणावर काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हा निर्णय काढणाऱ्याने घ्यायचा असतो. सॉफ्टवेअर तो घेत नाही. यासाठी एक सवय फार उपयोगी पडते: रोजचे काम थांबवण्यापूर्वी ड्रॉइंग खऱ्या प्रमाणात ए-३ कागदावर छापावे, भिंतीला लावावे आणि हातभर अंतरावरून पाहावे. छापणे शक्य नसेल तर पीडीएफ करून पडद्यावर शंभर टक्क्यांवर पाहावे, त्याहून मोठे करू नये. भिंती आधी दिसल्या, मग फर्निचर, मग आकडे, असा क्रम लागला तर ड्रॉइंग वाचता येते. सगळे एकदम अंगावर आले, तर लेयरकडे परतावे.

प्रमाणाबाबत आणखी एक मुद्दा. मॉडेलमध्ये सर्व काही खऱ्या मापात काढायचे आणि प्रमाण फक्त पानावर, म्हणजे लेआउटच्या चौकटीत, द्यायचे, हा नियम सुरुवातीला अनेकांना अवघड वाटतो. अक्षरांपाशी तर गाडी हमखास अडते. छापलेल्या पानावर २.५ मिमी उंचीची अक्षरे हवी असतील, तर १:५०च्या ड्रॉइंगसाठी मॉडेलमध्ये ती १२५ मिमीची करावी लागतात आणि तेच ड्रॉइंग १:२०वर न्यायचे झाले तर ५० मिमीची. म्हणून शक्यतो लेखन पानावरच करावे, मॉडेलमध्ये करू नये.

डिजिटल ड्रॉइंगची खरी परीक्षा मात्र कपाटात होते. ९०० मिमी रुंदीचे एक साधे वॉर्डरोब घ्या. विद्यार्थ्याच्या ड्रॉइंगमध्ये ९००चा एक चौकोन असतो, त्यात तीन आडव्या रेघा मारून ड्रॉवर दाखवलेले असतात आणि काम संपलेले असते. प्रत्यक्षात बाजूच्या फळ्या १८ मिमी प्लायवूडच्या असतात. दोन्ही पृष्ठभागांवर साधारण १ मिमीचे लॅमिनेट लागले की एक बाजू २० मिमीची होते. दोन बाजू वजा जाता आतली मोकळी रुंदी ८६० मिमी उरते. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या, बाजूला लागणाऱ्या नेहमीच्या चॅनेलला प्रत्येक बाजूने साधारण १३ मिमी जागा लागते, म्हणजे ड्रॉवरचा खोका बाहेरून ८३४ मिमीचाच होऊ शकतो. शिवाय ड्रॉवर झडपेच्या आत असतील, तर बिजागरीवर नव्वद अंशांत उघडलेली झडप वाटेत येते आणि ड्रॉवर तिला अडू नये म्हणून बाजूला पट्टी देऊन तो आणखी आत घ्यावा लागतो. कपाट पुढून मागे किती खोल असावे, याचेही तेच आहे: हँगर साधारण ४५० मिमी रुंद असतो आणि त्यावरचा कोट दोन्हीकडे बाहेर येतो, म्हणून टांगायच्या कपाटाला ६०० मिमी खोली देतात. हे सारे कळते ते १:१० किंवा १:५चे सेक्शन काढताना, कारण तिथे रेघ ढकलून चालत नाही. असे एकच सेक्शन, नीट मापांसह, पोर्टफोलिओत असेल तर ते चार रेंडरांना भारी पडते. ज्याच्या हाताखाली काम करायचे आहे तो माणूस याच पानावर थांबतो. उद्या सुताराच्या हाती कागद द्यायचा झाला तर या विद्यार्थ्याला तो काढता येईल का, हे त्याला पाहायचे असते.

इंटिरिअरच्या विद्यार्थ्यांनी जरूर हाताळावा असा एक जुना ड्रॉइंगप्रकार आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये खोलीचा प्लॅन मधोमध काढून तिच्या चारही भिंती खोके उलगडावे तशा भोवती पसरून दाखवत असत. एकाच कागदावर संपूर्ण खोलीचा आतला पृष्ठभाग दिसे आणि भिंतीवरची प्रत्येक पट्टी कोपऱ्यात शेजारच्या पट्टीला जुळते की नाही, हे ताडता येई. आज हे संगणकावर करणे फार सोपे आहे: चार एलिव्हेशन प्लॅनभोवती फिरवून लावली की झाले. फायदा मात्र मोठा आहे. सुटी सुटी एलिव्हेशन काढताना एका भिंतीवर स्विच १२०० मिमी उंचीवर असतो, दुसऱ्या भिंतीवर १३५०वर, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. उलगडलेल्या ड्रॉइंगमध्ये अशी विसंगती लगेच नजरेत भरते. याच पानावर छताचा प्लॅनही घ्यावा. तो काढताना जमिनीवर आरसा ठेवला आहे आणि आपण त्यात छताचे प्रतिबिंब पाहतो आहोत, असे धरायचे असते. त्यामुळे प्लॅनमधली डावी भिंत छताच्या ड्रॉइंगमध्येही डावीकडेच राहते. मान वर करून पाहिल्यासारखे काढले की उजवे-डावे उलटते आणि जेवणाच्या टेबलावरचा दिवा दारावर जातो.

टॅबलेटवर हाताने रेखाटणे ही स्वतंत्र विद्या आहे. पेन दाब ओळखतो, थर हवे तितके मिळतात, रंग मल्टिप्लाय पद्धतीच्या थरावर टाकले की खालची रेघ झाकली जात नाही. या सोयींमुळेच नवशिक्या माणूस शेकडो ब्रश उतरवून घेतो आणि पहिली संध्याकाळ ते चाळण्यात घालवतो. रेघेसाठी एक आणि रंगासाठी एक, असे दोन ब्रश पहिल्या सत्राला पुरतात. शिकण्याचा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग असा: खोलीचे साधे, रंगहीन मॉडेल करावे, त्यात फर्निचरच्या जागी नुसते ठोकळे ठेवावेत, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून एक दृश्य निवडावे, ते फिकट करून तळाच्या थरावर ठेवावे आणि वरच्या थरावर हाताने काढावे. पर्स्पेक्टिव्हचे मोजमाप मॉडेल सांभाळते आणि विद्यार्थ्याचे लक्ष खिडकीच्या पडद्याच्या चुण्या, लाकडाचे रेषे, खुर्चीची पाठ यांवर राहते. क्षितिजरेषा, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी, साधारण १.५ ते १.६ मीटरवर ठेवली, तर त्याच फरशीवर उभी असलेली सर्व मोठी माणसे, जवळची असोत वा लांबची, त्यांचे डोळे जवळपास त्याच रेषेवर येतात. हे एक सूत्र पाळले की चित्रातली माणसे हवेत तरंगत नाहीत. बसून वापरायची जागा, उदाहरणार्थ उपाहारगृह किंवा वाचनकक्ष, दाखवायची असेल तर तीच रेषा १.२ मीटरपर्यंत खाली आणावी. खोलीचा भावच बदलतो.

रेंडरविषयी थोडक्यात. तो करूच नये असे मी म्हणत नाही. मात्र छोटी खोली मोठी भासावी म्हणून कॅमेऱ्याचा कोन अतोनात रुंद करणे ही फसवणूक आहे आणि जाणकाराच्या ती दोन सेकंदांत लक्षात येते: कडेची खुर्ची ताणलेली दिसते, कपाट फाकलेले दिसते. उभ्या रेघा उभ्याच राहतील अशी टू-पॉइंट रचना वापरावी. दिव्यांचे रंगतापमान मनाला येईल ते ठेवू नये. निजायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विन, कामाच्या मेजावर ४००० केल्विनच्या आसपास, आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड त्यापेक्षा निळसर, हा फरक चित्रात दिसला की प्रकाशयोजनेचा विचार झाला आहे, हे न सांगता कळते. लाकडाचा पोत खऱ्या मापात बसवावा, नाहीतर दरवाजावरचे रेषे हातभर रुंद दिसतात. याहून अधिक वेळ हाताशी असेल तर तो सेक्शन-पर्स्पेक्टिव्हला द्यावा. पॉल रुडॉल्फ या वास्तुविशारदाने येल विद्यापीठातल्या, १९६३ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या कला आणि वास्तुकला इमारतीचे शाईच्या बारीक रेघांनी काढलेले असे चित्र अवश्य पाहावे. कापलेली रचना आणि तिच्यामागे पसरलेल्या खोल्या एकाच चित्रात दिसतात. आज मॉडेलला एक छेद देऊन तेवढाच ढाचा काही मिनिटांत मिळतो. पुढची मेहनत रेघांच्या जाडीवर करायची.

आता पोर्टफोलिओ. तो शेवटच्या सत्रात बसून करायचा उद्योग आहे, असा समज सर्वत्र आहे आणि त्यामुळे अर्धा वेळ हरवलेल्या फाइली शोधण्यात जातो. पहिल्या कच्च्या रेखाटनांचे फोटो, नाकारलेले पर्याय, साहित्याच्या नमुन्यांचे तुकडे, मॉडेल बनवतानाची छायाचित्रे हे सारे त्या त्या वेळी एका फोल्डरमध्ये तारखेसह पडत गेले, तर शेवटी फक्त निवड उरते. निवड करताना हात सैल सोडू नये. तीन ते पाच प्रकल्प पुरेसे आहेत. सर्वांत भक्कम काम आधी आणि त्याखालोखालचे शेवटी ठेवावे, कारण चाळणारा माणूस मधली पाने भराभर उलटतो. गटात केलेल्या कामात आपण नेमके काय केले, ते त्याच पानावर स्पष्ट लिहावे. ‘संकल्पना गटाची, मोजणी, छताचा प्लॅन आणि फर्निचरचे तपशील माझे’ एवढे पुरते.

एका प्रकल्पाच्या पानांमध्ये मला सर्वांत मोलाचे वाटते ते नाकारलेल्या पर्यायाचे पान. समजा, एका लहानशा शयनगृहात पलंग खिडकीला समांतर ठेवण्याचा एक पर्याय होता आणि दाराच्या भिंतीला टेकवण्याचा दुसरा. दोन्ही प्लॅन एकाच प्रमाणात शेजारी ठेवले, पहिल्यात पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम ४५० मिमी वाट उरते आणि झडप पूर्ण उघडत नाही, हे एका मापाने दाखवले, दुसऱ्यात ती ७५० मिमी होते हेही दाखवले, की खाली परिच्छेद लिहिण्याची गरजच राहत नाही. विद्यार्थी विचार कसा करतो, हे त्या दोन आकड्यांत आले. याउलट ‘ही रचना निसर्ग आणि आधुनिकता यांचा सुरेख मिलाफ साधते’ अशा वाक्यांनी पान भरते, माहिती वाढत नाही.

मांडणीत काही गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात. पोर्टफोलिओ बहुधा पडद्यावरच पाहिला जातो, म्हणून आडवे पान बरे. सर्व पानांना एकच ग्रिड, एकच अक्षरकुल, एकसारखे समास. गडद पार्श्वभूमीवर ०.१३ची रेघ नाहीशी होते, तेव्हा ड्रॉइंगची पाने पांढरीच ठेवावीत. ‘प्रमाण १:५०’ एवढेच लिहून भागत नाही, कारण लॅपटॉपच्या पडद्यावर ते पान कोणत्या आकारात उघडेल याचा नेम नसतो. म्हणून आखीव मापपट्टी द्यावी, ती ड्रॉइंगबरोबरच लहानमोठी होते. उत्तर दिशेचा बाण विसरू नये. एकाच पानावरचे प्लॅन आणि सेक्शन एकाच प्रमाणात असावेत आणि शक्य तिथे एकाखाली एक जुळवावेत, म्हणजे वरच्या खिडकीवरून नजर थेट खालच्या खिडकीवर उतरते.

फाइलच्या तांत्रिक बाजूकडे दुर्लक्ष झाल्याने चांगली कामे वाया गेलेली मी पाहिली आहेत. ऑटोकॅडच्या पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो पानावर चिकटवू नये. थेट पीडीएफ काढावी, म्हणजे रेघा व्हेक्टर राहतात आणि कितीही मोठ्या केल्या तरी फुटत नाहीत. रेंडर मात्र पिक्सेलांचेच असतात. ए-३ पान ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) छापायचे तर ४९६१ गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात; पडद्यासाठी १५० डीपीआय, म्हणजे २४८० गुणिले १७५४ भरपूर झाले. अनेक ईमेल सेवांची मर्यादा २५ एमबीच्या आसपास असते, त्यामुळे पाठवायची प्रत १५ एमबीच्या आत बसवावी आणि छापायची प्रत वेगळी ठेवावी. फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत आहेत ना, हे दुसऱ्याच्या संगणकावर उघडून तपासावे. विशेषतः देवनागरी मजकुराची जोडाक्षरे फुटून वेलांट्या भलतीकडे गेलेल्या दिसल्या, तर आतले सेक्शन कितीही चांगले असो, छाप पडायची ती पडतेच. पडद्यावरचा भडक निळा रंग छपाईत मळकट उतरतो, म्हणून छापण्यापूर्वी एका पानाचा नमुना काढून पाहावा.

श्रेयाचा मुद्दा हल्ली अधिक नाजूक झाला आहे. संदर्भासाठी घेतलेली छायाचित्रे, तयार मॉडेले, एखाद्या प्रसिद्ध डिझायनरची खुर्ची यांचा उल्लेख बारीक अक्षरांत का होईना, असलाच पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली चित्रे वापरली असतील तर तसे लिहावे. सुरुवातीच्या कल्पना चाचपण्यासाठी ती वापरायला माझी हरकत नाही, पण अंतिम चित्र म्हणून ठेवली की भांडे फुटते: प्लॅनमध्ये दोन खिडक्या असतात आणि चित्रात तीन, छताचा दिवा तुळईतून उगवलेला असतो, कपाटाला झडप असते पण ती उघडायला जागा नसते. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

मुलाखतीला जाताना पीडीएफबरोबर एका प्रकल्पाची मूळ फाइलही लॅपटॉपवर ठेवावी. हल्ली अनेक जण ती उघडून दाखवायला सांगतात, लेयर बंद-चालू करून पाहतात, एखादी भिंत १०० मिमी सरकवायला सांगतात आणि मापे आपोआप बदलतात की हाताने लिहिलेली आहेत, हे तपासतात. म्हणून आदल्या दिवशी फाइलमधला पसारा आवरावा, नको असलेले ब्लॉक काढून टाकावेत आणि ‘लेयर १ नवा फायनल’ अशी नावे बदलून तिथे भिंत, फर्निचर, छत, वीज असे सरळ लिहावे.